लॅम्प्रे घेऊन दुक्मला

ओमानात लॅम्प्रे नावाचा मासा सापडत नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर माझा एखादा जुना विद्यार्थी हे वाचेल आणि म्हणेल, बाई रिटायर झाल्या आणि सगळं विसरल्या. लॅम्प्रे थंड पाण्यातला, पार अटलांटिकच्या उत्तरेकडचा. पण माझ्या ओमानच्या मुक्कामात तो सतत बरोबर होता. चार्टपेपरवर काढलेला, गुंडाळी करून वर रबरबँड लावलेला. त्याला घेऊन आम्ही मस्कतहून दुक्मला गेलो. जाताना माझ्या मनात एक गोष्ट पक्की होती, येताना ती राहिली नाही. त्याचीच ही हकीकत.

बौशर

माझा मुलगा सुजात दुक्मला इंजिनिअर आहे. दुक्म म्हणजे वाळवंटाच्या पलीकडे, समुद्राकाठी नव्याने उभं राहिलेलं बंदर. तिथे रिफायनरी आहे, क्रेन आहेत आणि कंत्राटावर आलेले पुरुष आहेत. बायकापोरांचं गाव ते नव्हे. म्हणून सून पल्लवी आणि नऊ वर्षांची नात मैत्री मस्कतच्या बौशर भागात फ्लॅट घेऊन राहतात, आणि सुजात एक आड एक आठवड्याला सहा तास गाडी हाणत त्यांच्याकडे येतो. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची. ती संपली की पुन्हा तोच रस्ता.

त्याचं कंत्राट आता आणखी वाढलं होतं. नागपूरला मला फोन करून म्हणाला, "आई, पल्लवी आणि मैत्रीला तुझ्याकडेच पाठवावं म्हणतो. तू ये, इथलं सगळं बघ आणि मग सांग. तू म्हणशील तसं." माझे यजमान गेल्याला तेव्हा वर्ष झालं होतं. घरात मी एकटी. सकाळी चहा दोघांचा टाकायचा आणि मग अर्धा ओतून द्यायचा, असं माझं चाललं होतं. त्यामुळे ‘पाठव’ हा शब्द जिभेवर तयारच होता. तिकडे जाऊन बघायचं वगैरे हे नुसतं म्हणायला. निघण्यापूर्वी मी मागच्या खोलीला गुलाबी रंग देऊन घेतला होता आणि जवळच्या शाळेत प्रवेशाची चौकशीही करून आले होते.

पल्लवीला विचारलं तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "आई, तिकडे आले तर मैत्रीला पप्पा नाहीत. इथे राहिले तर सुजात त्या रस्त्यावर झिजतोय. माझं डोकंच चालत नाही. काम मी तिकडेही शोधीन. तुम्ही मायलेक ठरवा."

बौशर मला आवडलं. घरं सगळी पांढरी किंवा मातकट, उंची बेताची, मागे उघडेबोडके तपकिरी डोंगर. पहिले दोन दिवस मी त्या डोंगरांवर झाडं शोधत होते, मग सोडून दिलं. रस्त्यावर हॉर्न वाजत नाही, त्यामुळे मला सारखं वाटायचं की आज काहीतरी बंद आहे. गाडीवाले पायी चालणाऱ्यासाठी थांबतात. मी दुसऱ्याच दिवशी एका गाडीला हाताने ‘तुम्ही जा, तुम्ही जा’ करत उभी राहिले, तो बिचारा मला ‘तुम्ही जा’ करत थांबला, आणि मागे रांग लागली. मैत्रीने माझा हात धरून मला ओढत नेलं.

मैत्री इंडियन शाळेत आहे. मराठी तिला समजतं सगळं, पण बोलताना ती प्रत्येक शब्द उचलून बघते, हा बरोबर आहे का म्हणून. तिला शाळेतून काम मिळालं होतं: कुणालाच न आवडणाऱ्या एका प्राण्याबद्दल चार्ट काढून वर्गात बोलायचं. मुलांनी पाल घेतली, उंदीर घेतला, झुरळ घेतलं. मैत्री माझ्याकडे आली.

"आजी, तुझ्या कॉलेजमध्ये सगळ्यात अग्ली प्राणी कोणता होता?"

मी क्षणभरही विचार न करता म्हटलं, "लॅम्प्रे."

आयुष्यभर मी नागपूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. आमच्या प्रयोगशाळेत एका बरणीत, फॉर्मलिनमध्ये, एक लॅम्प्रे होता. दरवर्षी पोरं त्याचं चित्र काढायची, नावं द्यायची, आणि मी त्याच्यावर तेच तेच बोलायची. जिवंत लॅम्प्रे मी कधी पाहिला नाही. तरी त्याच्याबद्दल मला माया होती. इतकी वर्षं रोज समोर असलेल्याबद्दल वाटतेच.

फरशीवर चार्टपेपर अंथरला आणि आम्ही दोघी पालथ्या पडलो. मी सांगितलं, दिसतो सापासारखा, पण मासाच. अंगावर खवले नाहीत, हाडं नाहीत, आणि जबडाच नाही. तोंड म्हणजे गोल वाटी, आणि वाटीभर दातांच्या ओळी. मधे जीभ, तीही किसणीसारखी. मोठ्या माशाच्या अंगाला तोंड लावायचं, चिकटून बसायचं, जिभेने कातडं खरवडायचं आणि रक्त प्यायचं. माशाचं रक्त गोठू नये म्हणून लाळेतच औषध.

"ईऽऽ!" मैत्री आनंदाने किंचाळली. "सो डिस्गस्टिंग! आय लव्ह इट!"

"आणि डोळ्यामागे दोन्ही बाजूंना सात-सात भोकं. त्यातून तो श्वास घेतो. ती मोजून काढायची हं. सहा काढली तर मी मार्क कापून राहिली."

तिने सात काढली. मग पुसून पुन्हा सात काढली. चार्ट पूर्ण झाल्यावर म्हणाली, "पप्पाला दाखवायचाय. फोनवर नाही. रिअल." पण त्या आठवड्यात सुजातला साइटवरून निघता येणार नव्हतं. तेव्हा मीच म्हटलं, बाप येत नाही तर आपण जाऊ. मलाही तो रस्ता बघायचाच होता. पल्लवीला ऑफिसातून रजा नव्हती. तिने हनीफभाईंना फोन लावला.

सिनाव

हनीफभाई दापोलीकडचे, सुजातचे जुने स्नेही. दुक्मच्या मेसना किराणा, मसाले आणि मासळी पुरवतात. वय माझ्याच आसपासचं, पांढरी दाढी, आणि गाडीच्या मागे बर्फाच्या पेट्या. गुरुवारी शाळेला सुट्टी होती, आम्ही सकाळीच निघालो.

"बाई, पट्टा बांधा. मैत्रीबाय, तू पन. यल्ला, चला!"

सिनावला गुरुवारचा बाजार असतो, म्हणून थांबलो. उंट, शेळ्या, खजूर, आणि चेहऱ्यावर कडक कापडाचा बुरखा बांधलेल्या बदाऊन, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या जमातीच्या, बायका. त्या बायका शेळीच्या गळ्यातली दोरी हातात धरून बाजाराला चक्कर मारतात आणि गिऱ्हाईक मधे उभं राहून बोली लावतं. आमच्याकडे जनावर उभं असतं आणि माणसं फिरतात, इथे उलटं. एका बाईने माझ्या साडीचा पदर हातात घेऊन काठ नीट पाहिला आणि अरबीत काहीतरी म्हणाली. मी तिच्या हातातली चांदीची बांगडी पाहिली आणि मराठीत काहीतरी म्हणाले. दोघींना पटलं.

टपरीवर करक म्हणजे उकळून उकळून दाट केलेला वेलचीचा चहा घेतला, आणि पराठा, ज्यात चीज पसरून वर चक्क बटाट्याचे वेफर चुरतात. मी नाक मुरडलं, मग मैत्रीचाही अर्धा खाल्ला.

सिनावच्या पुढे मात्र काही नाही. खरोखर काही नाही. सपाट जमीन, राखाडी नाहीतर पिवळट, आणि तिच्यावरून सरळ गेलेला रस्ता. मधेच उंट रस्त्याच्या कडेला उभा, कशाची वाट बघत कोण जाणे. मी त्या रस्त्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, माझं पोर हा रस्ता एकटं तुडवतं. डुलकी लागली तर? उंट आडवा आला तर? माझा निर्णय प्रत्येक मैलागणिक घट्ट होत होता. मैत्रीला घेऊन जाते, हा प्रवासच संपवते.

मागच्या सीटवर मैत्री वर्गात काय बोलायचं त्याचा सराव करत होती, माझ्यासाठी मराठीतून. "लॅम्प्रेचे बेबी... पिल्लं, ती नदीत राहतात. चिखलात. त्यांना दात नाहीत. डोळे पण स्किनच्या आत. खूप वर्षं ती अशीच. मग एक दिवस त्यांना डोळे येतात, दात येतात आणि ती समुद्रात जातात."

"शाबास. पुढे?"

"मग मोठे होतात, फिश खातात... रक्त पितात. मग खाणं बंद. टोटल बंद. मग परत नदीत येतात, अंडी द्यायला." ती थांबली. "आजी, पण ते आपल्या घरच्या नदीत नाही येत. सालमन फिश येतो. लॅम्प्रे नाही. तो कुठल्यापण नदीत जातो."

"कुठल्याही नाही," मी म्हटलं. हे मी अनेकदा शिकवलं होतं. "जिथे चिखलात पिल्लं राहतायत ना, त्या नदीत जातो. पिल्लांच्या अंगचा वास पाण्यातून वाहत येतो. त्या वासाच्या मागे तो जातो. आपण कुठे जन्मलो ते त्याला काही नाही. पिल्लं कुठे आहेत एवढंच."

"त्याचीच पिल्लं?"

"कुणाचीही. पिल्लं जगून राहिली म्हणजे पाणी चांगलं, एवढं त्याला पुरतं."

मैत्री ते पुटपुटत पाठ करू लागली. 

खलूफ

हनीफभाईंना मासळी घ्यायची होती, म्हणून मुख्य रस्ता सोडून आम्ही खलूफला वळलो. तिथला किनारा बघून माझे डोळे दिपले. वाळू जवळजवळ पांढरी, आणि वाळवंटाच्या टेकड्या थेट समुद्रात उतरलेल्या. होड्या किनाऱ्याला लागल्या की कोळी त्यांना दोर बांधतात आणि पिकअप गाडी ती होडी फरफटत वाळूवर ओढून आणते. वल्ही, माणसांची रांग, ‘हैया हो’ काही नाही. गाडी सुरू, होडी वर, खलास.

हनीफभाईंचा दोस्त सालिम तिथे होता. त्याच्या होडीत सुरमई होत्या, आणि एक मुशी, म्हणजे छोटा शार्क. त्याने आधी आम्हाला चटईवर बसवलं, खजूर दिले, मग बिनकानाच्या इवल्या कपात काहवा, म्हणजे बिनदुधाची कडक कॉफी, ओतला. मी प्यायले, कप पुढे केला, त्याने पुन्हा ओतला. मी पुन्हा प्यायले, त्याने पुन्हा ओतला. आमच्याकडे पुरे म्हणायचं तर कपावर हात ठेवतात, तसा ठेवला, तर तो हसला आणि हात बाजूला व्हायची वाट बघत थांबला. शेवटी हनीफभाई म्हणाले, "बाई, कप हलवा, हलवा! नायतर हा संध्याकालपर्यंत ओतील तुमाना." मी कप डावीउजवीकडे हलवला आणि सुटका झाली. तोवर माझ्या छातीत धडधडायला लागलं होतं.

तेवढ्यात सालिमने मैत्रीला बादली दाखवली. बादलीत हातभर लांबीचा, काळपट, सडपातळ मासा बादलीच्या भिंतीला चिकटून बसला होता. मुशीच्या अंगाला चिकटलेला तसाच वर आला होता.

मी ओरडलेच. "मैत्री! लॅम्प्रे! अगं, जिवंत लॅम्प्रे!"

खरं सांगते, त्या क्षणी मला थंड समुद्र, गरम समुद्र काही आठवलं नाही. आयुष्यभर बरणीत पाहिलेला जीव समोर हलत होता. मी पदर खोचून गुडघ्यावर बसले. डोळे भरून आले माझे. हनीफभाई आणि सालिम दोघं आदराने मागे सरले, बाईंना काय झालं म्हणून.

मैत्री बादलीवर वाकली. बराच वेळ वाकून राहिली. मग हळूच म्हणाली, "आजी... सेव्हन होल्स नाहीत."

"नीट बघ."

"बघितलं. आणि याला जॉ आहे. जबडा. आणि तो तोंडाने नाही चिकटला, डोक्याने चिकटलाय."

मी पाहिलं. डोक्यावर जाळीदार चपटी चकती होती, खालचा जबडा चांगला पुढे आलेला. रेमोरा होता तो. रक्त वगैरे पीत नाही, मोठ्या माशाला नुसता डोक्याने चिकटतो, फुकट फिरतो आणि त्याचं सांडलेलं खातो. पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळलं असतं. पण मला लाज वाटली नाही. उलट इतका आनंद झाला की सांगता येत नाही. मी फरशीवर पालथी पडून सांगितलेलं त्या पोरीने असं घट्ट धरून ठेवलं होतं. मी तिचा चेहरा धरून मुका घेतला, मासळीच्या हातांनीच.

"अम्मा, ये काटता नहीं," सालिम म्हणाला आणि त्याने तो मासा मैत्रीच्या हातावर ठेवला. तो चप् करून चिकटला. मैत्री श्वास रोखून उभी राहिली. मग सालिमने त्याला पुढे सरकवून सोडवलं आणि मैत्रीच्याच हाताने समुद्रात सोडायला लावलं.

गाडीत बसल्यावर मैत्री झोपली. हनीफभाई समोर बघतच म्हणाले, "बाई, सुजात सांगत होता, पोरीला गावाला नेताय तुम्ही."

"हो. या रस्त्याने जीव जाईल त्याचा."

"रस्त्याचा काय नाय वो. रस्ता मी आयुष्यभर करतंय." मग म्हणाले, "मी पन माझी पोरां गावाला ठेवली. तीन पोरी. वर्षातून एकदा जायचो, बॅगा भरून. पोरी खूश. आता लग्ना जाली त्यांची. मी घरी जातंय ना, तर माझी मोठी पोर शोकेसमधली कपबशी काढते. पाहुन्याची. मना म्हनते, अब्बा, तुम्ही बसा, तुम्हाना नाय ठावूक साखर कुठं हाय ती." ते हसले. "खरा हाय. मना नाय ठावूक."

 मी मागे वळून मैत्रीच्या पायावरची वाळू झटकत राहिले.

दुक्म

दुक्मचे रस्ते रुंद, दिवे झगझगीत, आणि माणसं कमी. जी आहेत ती पुरुष. न्हावी, लाँड्री, मोबाईलचं दुकान, पुन्हा न्हावी. सुजातने आमच्यासाठी छोट्या हॉटेलात खोली घेतली होती. तिथे जेवणाच्या हॉलमध्ये मी आणि मैत्री या दोघीच बायका. सगळ्यांनी आपापल्या ताटात बघून जेवायचं ठरवलं होतं. सुजातच्या ओळखीचा, मूर्तिजापूरचा एक पोरगा मात्र उठून आला, "जय भीम, काकू," म्हणाला आणि घरून आणलेली जवसाची चटणी आहे का विचारून गेला. होती. अर्धी त्याला दिली.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं. आम्ही उतरलो तेव्हा सुजात हॉटेलच्या दारात उभा होता. इस्त्रीचा शर्ट घालून. मैत्री गाडीतून उतरली आणि माझ्या मागे गेली. वाटभर ‘पप्पा, पप्पा’ करणारी पोर.

"हाय, मैतू."

"हाय पप्पा."

"शाळा कशी आहे?"

"फाइन."

"प्रवास?"

"फाइन."

सुजातने दोन्ही हात पुढे केले होते, ते त्याने खिशात घातले. माझ्याकडे बघून हसला. "होतं असं दर वेळी," म्हणाला. "तासभर लागतो तिला. मग ठीक."

मी पाहत होते. खोलीत गेल्यावर ती खिडकीशी बसली. त्याने ज्यूस दिला, तिने थँक यू म्हटलं. जरा वेळाने तिने स्वतःच चार्टची गुंडाळी सोडली. सुजात फरशीवर बसला. त्याने मुद्दाम विचारलं, "हा साप का?" ती चिडली. त्याने विचारलं, "दात दहा का?" ती आणखी चिडली आणि जवळ सरकली. मग तिने उभं राहून सगळं भाषण म्हटलं, मराठीतून, अडखळत. शेवटी तोंड उघडून त्याच्या गालाला लावलं आणि ओरडली, "मी लॅम्प्रे, तू सालमन!" सुजात मेलेल्या माशासारखा आडवा पडला. त्यानंतर ती रात्री झोपेपर्यंत त्याच्या पाठीवर, खांद्यावर, पायावर कुठे ना कुठे होतीच.

दोन आठवड्यांनी भेटणाऱ्या बापाशी बोलायला तिला एक तास लागतो. वर्षाने भेटणाऱ्याशी किती लागेल? मी कॉलेजात गणित शिकवलं नाही, पण एवढा हिशोब मला येतो. हनीफभाईंची कपबशी माझ्या डोळ्यापुढून हलेना. आणि मला वाईट वाटत होतं, हेही लिहिते. पोर मला हवी होती. तिच्या दप्तराचा पसारा, दुधासाठीची कटकट, सगळं हवं होतं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, आम्ही समुद्रावर गेलो. मैत्री पाण्याकाठी दगड गोळा करून गोल रचत होती. लॅम्प्रे तोंडाने एकेक दगड उचलून अंड्यांसाठी जागा करतो, हे मी तिला सांगितलं होतं. सुजात माझ्या शेजारी बसला होता.

"मग आई, टर्म संपली की पाठवू ना? तिकिटं बघतो मी."

"नको," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"ती इथेच राहू दे. तू येत जा. हळू चालवत जा, झोप आली तर थांबत जा, सिनावला चहा पीत जा. पण येत जा. तिला तिकडे नेली तर तू पाहुणा होशील रे."

सुजात वाळू मुठीत घेऊन सोडत राहिला. मला वाटलं, रागावला. रस्त्याने थकलेल्या माणसाला मी पुन्हा रस्त्यावरच घातलं.

"काहून गप्प बसून राहिला? जड जातं का फार, येणं-जाणं?"

"नाही गं. जड कशाचं. त्या दोन दिवसांसाठीच तर..." त्याने हातातली वाळू झटकली. "मला नव्हतंच पाठवायचं त्यांना."

"मग?"

"बाबा गेले. तू फोनवर म्हणायचीस, सगळं छान आहे. चहा केला, पेपर वाचला, छान आहे. मला कळत नव्हतं का? तू एवढी एकटी, आणि माझ्याजवळ तुला द्यायला दुसरं काय होतं, आई?"

मला एकदम रडू आलं. मी पोरीला न्यायला आले होते आणि तो हातातलं सगळं काढून द्यायला बसला होता, रस्त्याचं निमित्त करून, मला ओझं वाटू नये म्हणून. मी त्याचं डोकं ओढून खांद्यावर घेतलं. चाळिशीला टेकलेला माणूस, दाढीत पांढरे केस आलेले.

"आई, मैत्री बघतेय," तो म्हणाला, पण डोकं त्याने काढलं नाही.